पायपुसण्यावर

पायपुसण्यावर उभ्या मुलाच्या शर्टावरचं रक्त बघून बाबा हातातला चहा तसाच टाकून दाराकडे धावले. "कुठे लागलं?" म्हणत त्यांनी त्याचं डोकं चाचपलं, बाह्या वर केल्या. कुठेच जखम नव्हती.

मागच्या आठवड्यात तो सुजलेला ओठ घेऊन शाळेतून आला, तेव्हा त्यांनी त्याला दाराबाहेर याच पायपुसण्यावर उभं केलं होतं. "मार खाऊन या घरात यायचं नाही!" शाळेत जाऊन बोलू या म्हणणाऱ्या बायकोला ते हसले होते.

आता तीच फोन घेऊन आतून आली. "शाळेतल्या बाईंचा फोन. याला मारायचा ना, तो पोरगा... शाळा सुटल्यावर यानं कर्कटक खुपसलं त्याला. गेला हो तो."

मुलगा पायपुसण्यावरून हलला नव्हता.

"आज मार नाही खाल्ला, बाबा," तो म्हणाला. "येऊ आत?"