श्वास मोजणारी भिंत

पत्नीचे दिवसकार्य आटोपले आणि हुलावळेकाकांच्या खोलीची भिंत आत सरकू लागली. दोन इमारतींमधल्या अरुंद पट्टीवरची ही घरे परवडली, ती अशा भिंतींमुळेच; या भिंती घरातले श्वास मोजत आणि रिकामी झालेली जागा शेजारच्या घराला देत. या भिंतींची रचना करणारा निनाद सांत्वनाला आला, तेव्हा भिंत काकूंच्या कपाटाला टेकली होती.

“शेजारी बाळ आलंय, काका,” तो शरमेने मान खाली घालून म्हणाला.

“ठाऊक आहे. गुलाम काय खणखणीत रडतो! वाढू दे त्याला. कपाट तेवढं उद्या काढावं लागेल.” काका थबकले. “अरे, तुझा श्वास मोजला नि भिंत थांबली बघ! चहा टाकतो. लगेच उठू नकोस.”

चहा केव्हाच संपला. पण रिकामा कप खाली ठेवण्याचे धैर्य निनादला झाले नाही.