चार नंबरचं कपाट

चार नंबरच्या कपाटाची चावी कुठे आहे, हे ऑफिसात कोणालाच सांगता येईना. आधीचा कारकून बदली झाली तेव्हा ती खिशात घालून गेला, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बदलून गेलेल्या माणसाबद्दल एकमत लवकर होतं.

बायकोला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या चावीवाल्याचा अर्ज त्याच कपाटात होता. सांध्यांच्या दुखण्याने ज्यांचे हात अधू झालेत, तरी जे थोडंफार काम करतात, अशांना मिळणाऱ्या भत्त्याचा. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काम झेपत नाही, हा डॉक्टरचा दाखलाही त्यालाच जोडलेला. निकालाची मुदत आज पाचला संपत होती. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून: दाखला, फोटो, आठ महिन्यांची वाट.

कागद समोर असल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही, असं साहेब म्हणाले. ते खरंच होतं. खोटं बोलायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

नव्या कारकुनाने रजिस्टरात अर्जदाराचा व्यवसाय पाहिला, मग चावीवाल्याच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "अहो काका, मग तुम्हीच उघडा की. घरचंच कार्य समजा."

रांगेतली माणसं हसली. बायकोने नवऱ्याची बाही ओढली. कामाचं विचारलं तर जमेल तसं करतो म्हणायचं, हुशारी दाखवायची नाही, असं तिने सकाळीच बजावलं होतं. पण इथून सुटल्यावर एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, म्हणून पिशवी सोबत आलेली. आणि घड्याळात सव्वाचार झाले होते.

तो कपाटापुढे फरशीवर बसला. तार चिमटीत धरवेना, तेव्हा तिला रुमाल गुंडाळून ती मुठीत आवळली. शिपायाने वीस मिनिटांवर चहाची पैज लावली, कारकुनाने पंधरावर, आणि मोबाइलवर वेळ लावून दिली. चावीवाला एकदाही कण्हला नाही. गिऱ्हाइकासमोर कण्हायचं नाही, ही त्याची बावीस वर्षांची सवय. घाम मात्र नाकाच्या शेंड्यावरून कुलपावर टपकत होता.

अठराव्या मिनिटाला खट् झालं. टाळ्या पडल्या. चहा कोणी पाजायचा यावर वाद सुरू झाला. सगळे कपाटाकडे धावले, तेव्हा मागे बायको खाली बसून त्याची मूठ सोडवत होती. तारेभोवती वळलेली बोटं उघडत नव्हती. एकेक करून तिने ती सरळ केली, अडकलेली खिडकी ओढावी तशी.

अर्ज सापडला. साहेबांनी दाखला दोनदा वाचला, घाई केली नाही. मग खाली लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: "अर्जदाराने आज कार्यालयात समक्ष अवघड कुलूप अठरा मिनिटांत उघडले. बोटांचे बारीक काम उत्तम. अर्ज नामंजूर."

"साहेब, असल्या कुलपाला पूर्वी मला दोन मिनिटं लागायची," चावीवाला म्हणाला.

"मग मी कुठे दोन लिहिलीत?"

बायको पुढे झाली. "सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावलीत, साहेब."

"लावली असतील. पण बटणं लावणं हा काही यांचा धंदा नाही, वहिनी."

अपिलाला तीस दिवस आहेत, हे कारकुनाने आपण होऊन सांगितलं. अपीलही याच कपाटात ठेवतात, तेव्हा जाण्याआधी एक चावी तेवढी करून द्या, असंही म्हणाला. आणि निकाल मिळाल्याची सही घ्यायला तोच कागद पुढे सरकवला.

पेन एकदा पडलं. शिपायाने उचलून दिलं, पुन्हा पडलं.

"राहू द्या काका, अंगठाही चालतो," कारकून म्हणाला. माणूस तसा मायाळू. त्याने शाईचा पॅड उघडला, तो सुजलेला अंगठा स्वतःच्या हातात घेतला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबून धरला, 'उत्तम'च्या बरोबर खाली. मग ठसा पसरू नये म्हणून त्यावर हळूच फुंकर घातली.