घरटी एक लाकूड

तानबाचं मयत तुम्ही अडवलं, साहेब. जंगलखात्याच्या नाकेदारानं नाही. नाकेदार म्हणजे तुम्ही ठोकलेला खुंटा. खुंट्याला शिव्या देऊन काय होते?

दवाखान्याच्या गाडीनं मयत दुपारी खिंडीतून आत आणलं. पांढऱ्या कापडात गच्च बांधलेलं. उघडू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून प्रमिलाबाईला नवऱ्याचं तोंडही पाहता आलं नाही. नाल्याकाठी तिरडी टेकवली अन् माणसं डोंगराकडे निघाली.

या खोऱ्यात रिवाज आहे. घरटी एक लाकूड. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं सरणाचं पाहायचं नाही. गावातल्या प्रत्येक घरातून एक जण उतारावर जातो, पडलेलं वाळकं लाकूड खांद्यावर आणतो आणि मयताजवळ टाकतो. बोलत नाही. लाकूड हाच त्याचा शेवटचा रामराम. भांडण असलं, बोलचाल बंद असली, तरी लाकूड चुकत नाही.

तुम्ही हे खोरं नकाशात पाहिलं असेल. परातीसारखं आहे. तळाला काळी जमीन. नांगर पोचेल तिथवर कपाशी, तूर, गहू. झाडाला जागाच ठेवली नाही कोणी, कारण लाकूड, गवत, पाणी सगळं काठावरच्या डोंगरांतून खाली यायचं. मागच्या साली तुम्ही त्या काठानं पांढरे दगड गाडले. दगडाच्या वर सरकार, दगडाच्या खाली गाव.

अन् खोऱ्यात दिवस लवकर बुडतो. तिकडे आर्वीला चांगलं ऊन असते, तेव्हा इथं डोंगराची सावली शेतं गिळत येते. सावली नाल्यावर आली की मयत पेटवत नाहीत. एप्रिल महिना होता. कापडातलं ते मयत उद्यापर्यंत थांबणारं नव्हतं.

दगडापाशी गजेंद्र नाकेदार काठी आडवी धरून उभा होता. अल्लीपूरकडचा पोरगा, नवीनच लागलेला.

"याच्या पलीकडं नका येऊ, रूपरावकाका."

त्याच्या मागं, हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ, ओंडके पडले होते. परवाच्या वणव्यात काळे झालेले. सागाचे, धावड्याचे.

"जळकं लाकूड हाये बाबू," रूपराव म्हणाला. "त्याचं का लोणचं घालते तुमचं सरकार?"

"पंचनामा व्हाचा हाये, काका. साहेब येऊन मोजणार हायेत. एक ओंडका कमी भरला तं माह्यी नोकरी गेली."

"मंग काठीनं काऊन अडवतं? आमालेच मोजून ठेव."

माणसं रिकाम्या खांद्यांनी खाली आली. जन्मात कधी अशी आली नव्हती. तिरडीजवळ उभं राहायची लाज वाटली त्यांना. एकेक जण आपापल्या घरात शिरला.

रूपरावानं बैलाचं जू आणलं. शकुबाईनं गोठ्याचं दार उचकटून आणलं. पुंडलिकराव शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या भांडणापासून तानबाशी बोलत नव्हता, त्यानं स्वतःच्या बाजेचे चारही पाय आणले. बाकी सगळ्यांनी पऱ्हाटीचे भारे आणले. कपाशीच्या त्या वाळल्या काड्यांशिवाय खोऱ्यात सरपण तरी काय उरलं होतं? पण पऱ्हाटी भडकते अन् बसते. तिच्यावर भाकर होते. माणूस होत नाही.

रूपरावानं ढीग पाहिला. सावली पाहिली.

"याच्यानं नाई होत, वहिनी," तो हळूच म्हणाला.

प्रमिलाबाई उठली. पदर खोचून ती थेट दगडापर्यंत चढली. गजेंद्रनं काठी आडवी केली, मग आपणच खाली घेतली.

"तुह्या डब्ब्यात साहेब बोलते ना? लाव."

"काकू, ते रागवतीन."

"रागवू दे. माह्यं आता का करतीन ते?"

गजेंद्रनं वायरलेसचं बटन दाबलं. सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं, साहेब, ते खरं. मग म्हणालात, "जंगल सरकारी मालमत्ता आहे. मला वाईट वाटतं, पण काडीही उचलता येणार नाही. तालुक्याच्या डेपोतून घ्या म्हणा."

"आज रविवार हाये, सर. डेपो बंद हाये."

"मग उद्या घ्या."

गजेंद्रनं बटन पुन्हा दाबलं अन् डबा प्रमिलाबाईच्या तोंडासमोर धरला. बटनावरचं बोट त्यानं काढलं नाही.

"साहेब, मी तानबाची बायको बोलून राह्यली. परवा सकाळी हा पोरगा आमच्या ओट्यावर बसला होता. याच डब्ब्यातून तुमी म्हनले, जंगल गावचंच हाये, गावची मानसं घेऊन वर जा, वनवा इझवा. मी चुलीपाशी होती. माह्या कानानं आइकलं. माहा मानूस भाकरीवरून उठून गेला. वारा फिरला, बाकीचे पळाले, हा दरीत सापडला. आगीनं त्याले अर्धाच जाळला, साहेब. उरलेला मी कशानं जाळू? सांगा."