बंद फवारा

प्रयोगशाळेतला डिझेलचा फवारा बंद होता, तरी थेंब मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आकडा चढत होता. पुटपुटत कुंदाने काचा पुसल्या, नळीच्या जोडाला टिश्यू लावून पाहिला. तो कोरडाच निघाला.

“आता काय झालं रे बाबा तुला?” लेसरच्या लाल रेघेवर वाकून ती यंत्रावर करवादली. आकडा झपकन वाढला. ती गप्प झाली, तसा तो शून्यावर आला.

“जेवलास का?” तिने मुद्दाम विचारलं. पुन्हा थेंब! तिच्या बोलण्याबरोबर उडणारे तुषार लेसरचा उजेड विखुरत होते आणि यंत्र ते इमानेइतबारे डिझेल म्हणून मोजत होतं. सहकारी पेडणेकरांची बदली झाल्यापासूनचे सगळे आकडे असेच चुकले होते. त्याआधी ती त्यांच्याशी बोलायची, बाहेर चहाच्या टेबलावर.

खिशातला फोन वाजला. “बिघाड सापडला का, मॅडम?” साहेबांनी विचारलं. “नाहीतर यंत्र उद्या परत पाठवू. की कोणी येऊन हात लावतं त्याला?”

“इथे कोणीच येत नाही, सर,” यंत्रापाशी उभी कुंदा म्हणाली.

पडद्यावर आकडा पुन्हा चढू लागला.