फोटोतला इसम

पंकजाच्या फोटोला पहिला नंबर मिळाला. पण ते अजून झालेलंच नाही असं समजू, कारण सकाळी अकरा वाजता त्या फोटोला फक्त हार मिळाला होता.

फाइन आर्ट फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन नगरच्या एका सभागृहात लागलं होतं. पंकजाने काष्टीच्या आपल्या आजोबांचा, सहादेवआबांचा, दाराएवढा काळा-पांढरा फोटो लावला होता. फोटोत आबा हसत नव्हते, कारण फाइन आर्टमध्ये हसत नाहीत. उद्घाटनाची समई नेमकी त्या फोटोखाली तेवत होती आणि समोर चार विद्यार्थी हात बांधून गप्प उभे होते.

काष्टीचे छगनराव नगरातलं काम उरकून कौतुकाने आले, ते दारातच थबकले. चप्पल काढली, टोपी काढली. बाहेर जाऊन शेवंतीचा हार आणला आणि स्टुलावर चढून फोटोला घातला.

"कळवलं बी न्हाई, पोरी," ते पंकजाला म्हणाले. "सकाळी तर काष्टीच्या स्टँडवर माझ्यासंगं चहा घेतला आबांनी."

आबा ठणठणीत आहेत आणि बारापर्यंत इथेच येताहेत, असं तिने सांगितलं. दुःखात माणूस असं बोलतो, हे छगनरावांना माहीत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बातमी गावच्या ग्रुपवर टाकली. कामासाठी नगरला आलेली काष्टीची माणसं तासाभरात सभागृहात जमली. रांग लागली. त्या सभागृहात एवढी माणसं याआधी कुठल्याही कलेसाठी आली नव्हती.

पंकजाला आता एकच घाई होती, आबा यायच्या आत हार उतरवायची. आबा एक्याऐंशीचे. रस्त्यात श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला तरी मान फिरवून पलीकडून जायचे. घरात कोणाला 'वारला' म्हणायची सोय नव्हती, 'गावाला गेला' म्हणावं लागे. नऊ दिवस त्यांना गोठ्यापुढे उन्हात बसवून तिने हा फोटो काढला होता. त्यांनी तो असा बघितला असता, तर ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले नसते. कदाचित तिच्यासमोरही.

ती स्टुलावर चढली, तेवढ्यात परीक्षक शामकांत सर आले. काल याच फोटोसमोरून ते न थांबता पुढे गेले होते. आज दहा मिनिटं उभे राहिले.

"हार काढू नकोस," ते म्हणाले. "काम आत्ता पूर्ण झालंय. पहिला नंबर देतो मी याला."

पंकजाने सरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि हाराचं एक टोक सोडवलं.

"ऱ्हाऊ दे गं," मागून आवाज आला.

आबा रांगेत सातवे होते. रांग दिसली म्हणून उभे राहिले होते. कशाची आहे ते विचारलं नव्हतं, आणि माना खाली घातलेल्या रांगेने त्यांना बघितलं नव्हतं.

ते पुढे आले. समईकडे, फोटोकडे, एका बाजूने लोंबणाऱ्या हाराकडे बराच वेळ बघत राहिले. पंकजा स्टुलावरच थांबली.

"बरा दिसतोय की," आबा म्हणाले. "उगंच भीत हुतो."

छगनरावांच्या हातातली टोपी खाली पडली. "आबा, तुमी?"

"व्हय. यष्टीनं आलो."

हार तसाच लोंबत राहिला. सरांना तो तसा आणखी आवडला. संध्याकाळी नंबर जाहीर झाला आणि गर्दी बघून प्रदर्शन दोन दिवस वाढवल्याचंही जाहीर झालं.

निघताना पंकजाने आबांपुढे अभिप्रायाची वही धरली. आबांनी तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपायाची नोकरी केलेली. अर्ज सोडून दुसरं काही त्यांना लिहिता येत नव्हतं. खुर्ची ओढून, एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं :

'मा. व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. अर्जदार सहादेव, राहणार काष्टी. विषय : मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, सदर प्रदर्शनास दोन दिवस वाढवून मिळाल्याचे समजले. हार पोचला, त्याबाबत तक्रार नाही. तरी फोटो टिकेल तोवर फोटोतील इसमासही मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'