मागच्या सीटकडे वळणारा आरसा

हौसेला मोल नसतं म्हणतात. सुट्टीच्या दिवशी डोंगरात हुंदडायला मी लाखो किलोमीटर पळालेली जुनी जीप घेतली. घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. बायको म्हणाली, "आणलास पांढरा हत्ती दारात!"

गाडीत खोट एकच होती. आतला आरसा कितीही नीट लावला, तरी गाडी चालू लागली की तो हळूच खाली कलायचा आणि रिकामी मागची सीट दाखवायचा.

मेकॅनिकनं स्क्रू तपासला. "आधीचे मालकही ह्याच्यासाठीच यायचे," तो म्हणाला. "स्क्रू घट्टच आहे हो. शेवटी त्यांनी तक्रार करणंच सोडलं."

रविवारी घाटात आरसा पुन्हा कलला. मी घाबरून गाडी कडेला थांबवली, तसं बायकोनं स्टिअरिंग घेतलं. "सरक तिकडे, भित्री भागूबाई!"

मी आरसा सरळ करून दिला. पुढच्याच वळणावर तिनं हात वर नेला आणि स्वतःच तो खाली वळवला.

"अगं, मागचा रस्ता कसा दिसणार?"

"रस्त्याचं राहू दे," आरशावरची नजर न काढता ती म्हणाली. "त्याला आधी सांग, दाराला हात लावू नकोस म्हणावं."