रबराच्या झाडाचं बँडेज

"बाबा, ते मीच मोडलं," सून म्हणाली आणि तिने हातातली बादली खाली ठेवली.

सासरे करवतीची धार बोटाने बघत होते. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेला माणूस, असल्या कबुल्यांनी दचकायचा नाही. "काय मोडलंस?"

तिने रबराच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाड पार छताला टेकलं होतं. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला उंच माणूस उभा राहतो, तसं मान वाकवून उभं होतं. सासऱ्यांच्या डोक्याच्या जरा वर खोडाला पांढरंशुभ्र बँडेज होतं. वेढे एकसारखे, शेवटी चपटी गाठ.

"कपाट सरकवताना धक्का लागला. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही पट्टी बांधलेली. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही गप्प बसले."

त्या पट्टीचं घरात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. इथे खुर्चीच्या पायाला, चष्म्याच्या काडीला, एकदा तर गळक्या नळालाही बँडेज बांधलं गेलं होतं. आणि नळ बरा झाला होता.

"मग आज का सांगतेस?"

"उद्या सामान हलणार. मनात ठेवून जायला नको वाटलं."

नवीन जागा मिळाली, छोटीच आहे पण कामाला जवळ पडेल, असं तिने आणि नवऱ्याने मिळून रविवारी जेवताना सांगितलं होतं. सासरे "बरं" म्हणाले, पाणी प्यायले आणि उठले. तेव्हापासून त्या विषयावर दुसरा शब्द नाही. नवरा म्हणत होता, बाबा तसेच आहेत. ती मात्र ते "बरं" उलटंपालटं करून बघत होती, पिशवी कुठून गळतेय ते बघावं तसं.

"अगं, तुझ्या धक्क्याने त्याला काय होतंय," सासरे म्हणाले. "जंगलातलं झाड आहे ते. तिकडे बारा महिने पाऊस झोडपतो, तरी इमारतीएवढं होतं. तुझं कपाट म्हणजे त्याला गुदगुल्या." त्यांनी खिशातून बोथट टोकांची कात्री काढली आणि गाठ कापली. "जखम मी केलीय. ये, बघ."

बँडेजच्या आत प्लास्टिक होतं, प्लास्टिकच्या आत ओलं शेवाळ, आणि शेवाळातून चहूबाजूंनी फुटलेली मुळं. पांढरी, कोवळी, एकमेकांत गुंतलेली.

"गुटी म्हणतात याला. सालीचं कडं काढायचं आणि ओल्या शेवाळात गुंडाळून ठेवायचं. मुळं धरली की शेंडा तुझ्याकडे, बुंधा माझ्याकडे."

ती मुळांकडे बघत राहिली. "किती दिवस लागतात हो याला?"

"दोनेक महिने. याला घाई चालत नाही."

"पण बाबा, आम्ही तर परवा रविवारी सांगितलं."

"तू कपाट मोजत होतीस ना टेप घेऊन? इतकी वर्षं एका जागी उभं असलेलं कपाट कोण मोजतं? दुसऱ्या दारातून आत जाईल का, ते बघायचं असेल तोच. त्याच संध्याकाळी साल काढली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोलत होतात? म्हटलं, आधी मुळं धरू देत."

करवत खर्र खर्र चालली. शेंडा तिच्या हातात आला. वाटला होता त्याहून जड. तिने तो जपून बादलीत उभा केला. इकडे बुंध्याच्या कापल्या तोंडातून दुधासारखा चीक ओघळायला लागला.

"आता हे?"

"थोडे दिवस बोडकं दिसेल. मग फुटेल बाजूने. तुझ्याकडच्याला उजेडात ठेव, आणि कुंडी अधूनमधून फिरवत जा. नाहीतर खिडकीतून डोकावत बसेल दिवसभर, तुझ्यासारखं."

त्यांनी कापसाचा बोळा कापल्या जागी ठेवला आणि वर बँडेजचे वेढे घेतले. दोन्ही टोकं हातात आली तेव्हा म्हणाले, "बोट धर."

गाठ मारायची तर दुसऱ्या कुणाचं तरी बोट लागतं. या घरात प्रत्येकाने कधी ना कधी ते धरलं होतं. तिने धरलं. एरवी सासऱ्यांची गाठ डोळ्याचं पातं लवायच्या आत पडायची. आज दोन्ही टोकं हातात धरून ते नुसते उभे होते.

"बाबा, मारताय ना गाठ?"

"राहू दे जरा बोट," सासरे म्हणाले. "अजून चीक येतोय."